खुल्या सामन्यांत शाळकरी पोरं उतरवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कापसाचा दुसरा वेचा घरी आला की आमच्या दारव्हा तालुक्यात गावोगावी रात्रीचे कबड्डी सामने सुरू होतात. मी स्वतः बारा वर्षं खेळलो. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जगाला कबड्डी दाखवली ती आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने. तेव्हा हा खेळ पोरांना बंद करा, असं मी कधीच म्हणणार नाही.

पण मागच्या हिवाळ्यात एका गावी ६० किलो गटात सातवा भिडू कमी पडला, म्हणून नववीतल्या माझ्या भाच्याला उतरवलं. पोत्यांच्या काट्यावर त्याचं वजन भरलं ४१ किलो. साठाच्या वर गेलेल्याला बाहेर काढतात, खालच्याला कोणी अडवत नाही आणि वय तर कोणी विचारतच नाही. चढाईत तीन बाप्यांनी त्याला साखळी करून उचललं आणि आपटलं. काळ्या मातीची वाळलेली जमीन, डोकं थेट तिच्यावर आदळलं. तो उठला खरा, पण "मामा, मॅच कधी सुरू होते?" असं मलाच विचारू लागला. तोंडावर पाणी मारलं. "काही नाही होत, पोट्टं आहे," म्हणत उत्तरार्धात पुन्हा आत पाठवलं. मी तिथेच उभा होतो आणि अडवलं नाही, हे मला आजही खातं. घरी आल्यावर उलट्या सुरू झाल्या, १०८ बोलवावी लागली. पोरगं वाचलं, पण महिनाभर त्याला उजेड सोसवत नव्हता.

डोक्याला मार लागून भान हरपलेल्याला त्या दिवशी पुन्हा खेळवायचंच नसतं. मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर जीवावर बेततं. ही साधी गोष्ट आमच्या एकाही पंचाला ठाऊक नव्हती.

शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. दहीहंडीतही १४ वर्षांखालच्या गोविंदांना मनाई आहे. मग गावच्या सामन्यांतच वयाची अट का नसावी? वजनाबरोबर आधार कार्ड बघा. अठराच्या आतल्यांचा गट वेगळा करा आणि त्यांचे सामने दिवसा, भुसभुशीत केलेल्या मैदानावर घ्या.

आमच्या गावच्या मंडळापुढे मी हे मांडलं. "मग संघच जमणार नाहीत," असं उत्तर मिळालं. नाही जमले तर चार संघ कमी खेळवा.

– एक माजी कबड्डीपटू,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ