मनू, गज इतक्यात सोडू नकोस

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय मनू,

परवा कॉलेजातून फोनवर तू तुझ्या डबल बेसबद्दल, म्हणजे उभं राहून वाजवायच्या त्या व्हायोलिनच्या थोरल्या भावाबद्दल, कुरकुरत होतीस, "मला जॅझमधला वॉकिंग बेस, ती मात्रेमात्रेला बोटाने छेडत चालणारी ओळ, वाजवायचाय आणि सर मला मोकळ्या तारांवर नुसता गज ओढायला लावतायत." मी काही बोलणार इतक्यात बाबांनी फोन घेतला आणि विषय तुझ्या मेस-कार्डावर गेला. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, जेवताना वाच.

मत आधीच सांगून टाकते: सरांचं बरोबर आहे. निदान पहिलं वर्षभर रोज आधी गज आणि मग बोटं.

बोटाने छेडलेला स्वर उठतो आणि लगेच विरायला लागतो. तो जरासा उतरलेला असला तरी तुला कळेपर्यंत पुढचा आलेला असतो, आणि शेजारी ड्रम्स-पियानो चालू असले की कुणाच्याच लक्षात येत नाही. गजाने तोच स्वर चार मात्रा धरून बघ, लपायला जागा उरत नाही. त्यात बेस इतका खाली बोलतो की तिथे सूर ओळखणं कानाला मुळातच जड जातं. मोकळी ई, म्हणजे बोट न दाबता वाजवलेली सगळ्यात जाड तार, सेकंदाला जेमतेम ४१ कंपनं. आपण तो सूर ओळखतो तो बराचसा त्याच्यावरच्या स्वयंभू स्वरांमुळे, म्हणजे ओव्हरटोन्समुळे. छेडलेल्या तारेत हे वरचे स्वर लवकर विरतात. गज फिरत असेपर्यंत मात्र ते गुंजत राहतात आणि कानाला धरायला काहीतरी मिळतं. आपल्याकडे गवई पहाटे खर्ज भरतात, तेव्हा तेही एकेक स्वर लांबवूनच भरतात ना?

आता तुझ्या व्हायोलिनबद्दल. आठवीत ते सोडलंस तेव्हा मी काही बोलले नाही, आताही बोलत नाही. झाला तो फायदाच. नोटेशन वाचता येतं, कान तयार आहे, गज ब्रिजला, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या घोडीला, समांतर ठेवायची सवय आहे. अडणार आहे तो डावा हात. व्हायोलिनची तार साधारण ३३ सेंटिमीटर, बेसची १०५ च्या आसपास. मोकळ्या तारेला सा म्हटलं तर कोमल रे व्हायोलिनवर दोन सेंटिमीटरच्याही आत येतो, बेसवर तो सहा सेंटिमीटर लांब. शुद्ध रे जवळपास साडेअकरावर. व्हायोलिनवर तुझा पंजा एका जागी बसून सहज चार स्वर पुरवायचा. इथे पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत अख्खा हात ताणून सा ते शुद्ध रे एवढंच अंतर मिळतं, बस्स. म्हणून तर बेसच्या तारा पंचमाऐवजी मध्यमाच्या अंतरावर लावतात, नाहीतर साधी सरगम वाजवायलाही हात वरखाली पळवत बसावं लागलं असतं. तसा तो पळवावा लागतोच, फक्त थोडा कमी.

सर तुला पहिलं (तर्जनी), दुसरं आणि चौथं (करंगळी) बोट वापरायला सांगतायत आणि तिसरं करंगळीच्या मदतीला ठेवायला, ही फ्रांझ सिमांडलची पद्धत. हा बोहेमियाचा माणूस, व्हिएन्नाच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत विद्यालयात, शिकवायचा, १९१२ मध्ये वारला. त्याच्या पुस्तकावर अजून जगभर मुलं शिकतात. पुस्तक कंटाळवाणं आहे, खोटं कशाला सांगू. पण त्यातली हाफ पोझिशन, म्हणजे हाताची मानेवरची सगळ्यात वरची जागा, पक्की झाली की हाताला सहा सेंटिमीटरचं अंतर न बघता कळायला लागतं. फिंगरबोर्डवर, बोटं दाबायच्या त्या काळ्या पट्टीवर, रंगीत टेप लावायचा मोह होईल. सरांनी लावली तर राहू दे, स्वतःहून लावू नकोस, कारण मग डोळे वाजवतात आणि कान सुट्टीवर जातात. फ्रांस्वा राबाथ नावाचा अलेप्पोत जन्मलेला एक अफाट वादक आहे, त्याची हाताची मांडणी वेगळी आहे. तीही सुंदर आहे. पण रात्री व्हिडिओ बघून सकाळी सिमांडलमध्ये राबाथ मिसळायचा, हे या वर्षी नको.

अंगठ्याच्या मुळाशी दुखतं म्हणालीस, ते मला महत्त्वाचं वाटलं. तू बेसची मान चिमट्यात धरल्यासारखी आवळतेयस. तार दाबायची ती पंज्याच्या जोराने नाही, हाताच्या वजनाने. कोपर जरा वर, खांदा सैल, आणि अख्खा हात तारेवर लोंबकळू दे. अंगठा मागे, दुसऱ्या बोटाच्या समोर, नुसता टेकलेला. मग अंगठा पूर्ण काढ आणि एक ओळ वाजव. स्वर आला तर ठीक. बेसच कलंडायला लागला तर तुझं उभं राहणं चुकतंय, कारण बेस सांभाळणं हे डाव्या हाताचं काम नाही. तो तुझ्या पोटाला आणि डाव्या मांडीच्या वरच्या भागाला टेकून आपला आपण उभा राहिला पाहिजे. खालचा एंडपिन, म्हणजे बेस ज्यावर उभा राहतो ती दांडी, इतका काढ की हाफ पोझिशनमध्ये पहिलं बोट साधारण भुवईच्या रेषेत येईल. आणि एवढं करूनही दुखत असेल तर तारा फिंगरबोर्डपासून फार उंच आहेत का ते सरांना बघायला सांग. कॉलेजांच्या वाद्यांवर हे सर्रास असतं. ब्रिजला फिरवायची चाकं असली तर ते पाच मिनिटांचं काम आहे. नसली तर वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे न्यावं लागेल. दुखणं सोसून वाजवायचं मात्र नाही.

गज जर्मन धरतेस की फ्रेंच, ते तू सांगितलंच नाहीस. फ्रेंच पकड वरून असते, व्हायोलिनसारखी, तुझ्या हाताला ती लगेच ओळखीची वाटेल. जर्मनमध्ये हात खालून येतो. मी जर्मन धरते, मला त्यात मनगट मोकळं वाटतं, पण बाजू घेऊन भांडण्यात अर्थ नाही. सर जी धरतात तीच तू धर. पकड कुठलीही असो, गज व्हायोलिनपेक्षा खूप हळू चालव. जाड तार जागी व्हायला वेळ घेते, तिला सुरुवातीला जरा पकडून मग सोडावं लागतं, नाहीतर नुसती फुसफुस ऐकू येते. बेसचं रोझिन, म्हणजे गजाच्या केसांना लावायची राळ, मऊ आणि चिकट असतं. व्हायोलिनसारखं पुढेमागे घासू नकोस, एकाच दिशेने दोन-तीनदा ओढ, पुरे. उन्हाळ्यात गाडीत ठेवलंस तर डबीत वितळून पसरेल.

तारा जुळवताना मोकळ्या वाजवून जुळवू नकोस, त्या खर्जात फरक कळत नाही. हात वर सरकव. ई च्या तारेवर जिथे तिचा मध्यम येतो, म्हणजे तारेच्या पाव लांबीवर, तिथे पहिलं बोट न दाबता नुसतं टेकव आणि गज फिरव. मग हात तिथेच ठेवून शेजारच्या ए तारेवर करंगळी टेकव, ती बरोबर एक तृतीयांशावर येईल. दोन्हीकडून एकच वरचा ई निघायला हवा. जुळले नाहीत तर मध्ये लाटा ऐकू येतात. खुंटी फिरवत गेलीस की लाटा मंदावतात आणि थांबतात. पुढच्या दोन जोड्यांनाही, ए-डी आणि डी-जी, हाच हात. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी स्वयंपाकघरात येऊन बाबांना ओढत नेऊन ऐकवलं होतं. त्यांनी "छान" म्हटलं आणि कढी उतू गेली.

आता तुझ्या जॅझकडे वळते, नाहीतर म्हणशील आईला फक्त सिम्फनी कळते. जिमी ब्लँटन हा बेसवादक ऐक. १९१८ मध्ये टेनेसीत जन्मलेला. आधी व्हायोलिन शिकला आणि कॉलेजात बेसकडे वळला, म्हणजे तुझाच रस्ता. १९३९ मध्ये पियानोवादक ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ बँडमध्ये आला आणि १९४२ मध्ये क्षयाने गेला, वय तेवीस. एवढ्या थोड्या काळात बेस नुसता ठेका धरणारं वाद्य नाही हे त्याने सगळ्यांना दाखवून दिलं. १९४० मध्ये त्याने आणि एलिंग्टनने फक्त बेस आणि पियानो अशी काही ध्वनिमुद्रणं केली. त्यातल्या 'बॉडी अँड सोल'मध्ये त्याचा गज ऐक. त्यानंतर पॉल चेंबर्स हा जॅझचा बेसवादक ऐक, तोही गजाने सोलो घ्यायचा. तेव्हा जॅझवाल्यांना गज लागत नाही हे तुला ज्या कुणी सांगितलंय, त्याला हे ऐकव.

आणि "जागा रिकामी होती म्हणून बेस घेतला" हे सांगताना तू जरा ओशाळलीस, ते कशाला? जोव्हान्नी बोत्तेसिनी, ज्याला व्हायोलिनच्या जादूगारावरून बेसचा पागानिनी म्हणतात, तो मिलानच्या कॉन्झर्व्हेटरीत गेला तेव्हा शिष्यवृत्तीच्या दोनच जागा उरल्या होत्या, एक बसून नावाच्या फुंकवाद्याची आणि एक बेसची. व्हायोलिन येणारा मुलगा, त्याने बेस घेतला. आपल्या मुंबईचे झुबिन मेहता १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेले, तिथे कंडक्टिंगबरोबर वाद्य म्हणून बेसच शिकले. १९६९ मध्ये लंडनला बारेनबॉईम, पर्लमन, झुकरमन आणि जॅकलिन दु प्रे यांच्याबरोबर शुबर्टचं 'ट्राउट' पंचक वाजवलं, त्यात बेसवर मेहता आहेत. त्याची फिल्म आहे. शुबर्टने या रचनेत दुसरं व्हायोलिन न घेता बेस घेतलाय आणि त्यामुळे चेलो मोकळा होऊन वर गायला लागतो. फिल्ममध्ये मेहतांच्या चेहऱ्यावरची मजा बघण्यासारखी आहे. तू चेहऱ्याकडे कमी आणि उजव्या हाताकडे जास्त बघ.

आमच्या इथल्या हौशी ऑर्केस्ट्रात बेसवाल्यांची कायम चणचण असते. मला नोटेशन नीट वाचताही येत नव्हतं तेव्हाच पहिल्या तालमीला बोलावलं गेलं, ते या टंचाईमुळे. तिथे मागे उभं राहून एक गोष्ट दिसली. पहिल्या व्हायोलिनमध्ये एकजण घसरला तर बाकीचे झाकून घेतात. आम्ही दोघं बेसवाले जरा उतरलो की बासरी-क्लॅरिनेटसारख्या फुंकवाद्यांपर्यंत सगळे अस्वस्थ होतात आणि बऱ्याचदा त्यांना कारणही कळत नाही, ते आपापली वाद्यं तपासत बसतात. कंडक्टर मात्र सरळ आमच्याकडे बघतो. या जबाबदारीत मजा आहे. गज सरांच्या सांगण्याप्रमाणे वाजवलास तर ती लवकर तुझ्या वाट्याला येईल.

थोडं वाद्याच्या काळजीचं. ओहायोत आता हीटर सुरू होतील आणि हवा कोरडी पडेल. लाकूड आकसलं की पुढच्या फळीला भेग जाते. प्रॅक्टिस रूममध्ये ह्युमिडिफायर आहे का विचार, ओलावा चाळीस-पन्नास टक्के असला तर बरं. बेस भिंतीला टेकवून चहा आणायला जाऊ नकोस. एका कुशीवर आडवा ठेव, ब्रिज कुणाच्या येण्याजाण्याच्या वाटेत येणार नाही असा. एंडपिनखाली रबर नसेल तर जमिनीला भोकं पडतील आणि ती तुझ्या नावावर लागतील. बोटांना फोड आले तर फोडायचे नाहीत, दोन दिवस फक्त गज वाजव. बघ, तिथेही गजच.

तारा बदलायच्या म्हणत होतीस. सरांना विचारल्याशिवाय ऑनलाइन मागवू नकोस. चांगल्या संचाला दीड-दोनशे डॉलर सहज जातात आणि कॉलेजच्या बेसवर आपण का घालायचे? थँक्सगिव्हिंगला बेस आणायचा नाही, माझा आहे. त्यावर तुझ्याकडून चारही तारा जुळवून घेणार आहे. बाबा विचारतायत, बसने येणार की तुझ्या त्या मैत्रिणीच्या गाडीतून. बसने असेल तर तिकीट आत्ताच काढ, नंतर मिळत नाही.

तुझी,
आई