गावच्या धर्मशाळा पाडू नका : सोलापूरच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री,
सोलापूर जिल्हा

साहेब, सप्रेम नमस्कार.

माळशिरस तालुक्यातल्या आमच्या गावात वेशीजवळ एक जुनी धर्मशाळा आहे. ती पाडून तिथे सभागृह बांधायचं घाटत आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न एका गावाचा नाही. पंढरीच्या वाटेवर अशा इमारती आणखीही गावांत आहेत आणि त्यांच्याबद्दल बोलणं एकच ऐकू येतं : पडकी आहे, धोकादायक आहे, काढून टाका.

धर्मशाळेची बांधणी एकदा जवळून बघावी. काळ्या घडीव दगडाचं कमरेएवढं जोतं, मधे चौक आणि तीन बाजूंना ओवऱ्या. ओवऱ्यांना चौकाच्या बाजूनं भिंतच नाही, नुसते सागवानी खांब. दिंडी आली की पडशा, टाळ, पखवाज घेऊन माणसं थेट आत शिरतात. दहा असोत की शंभर, खोल्या वाटत बसावं लागत नाही. दोन खांबांमधल्या खणात चार-पाच जणांची पथारी पडते, मागच्या भिंतीत प्रत्येक खणाला दिव्याचा कोनाडा आहे. वर माळवद : तुळया, किलचं म्हणजे त्यावरच्या लाकडी फळकुट्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हाही ओवरीत दुपारी निजता येतं. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याच वेळी उभं राहवत नाही.

भिंती चुन्यातल्या आहेत. चुनखडी आमच्या रानातच सापडते. ती भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची आणि वाळूसकट बैलाच्या घाण्यात मळायची. मळताना गूळ, बेलफळ, हिरडा यांचं पाणी घालायचं, अशी जुन्या गवंड्यांची रीत. काही वर्षांपूर्वी दर्शनी भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला गेला. चुन्याची भिंत ओल ओढते तशी बाहेरही टाकते. सिमेंटनं ती वाट बंद केली. आज तिथे हात लावला की पापुद्रा सुटतो, मागे लोणा म्हणजे क्षाराची पांढरी पूड दिसते आणि सांध्यातला चुना बोटानं उकरता येतो. ज्या भिंतींना गिलावा लागला नाही, त्या ठणठणीत आहेत. या इमारतीला वय नडलेलं नाही, चुकीची दुरुस्ती नडली आहे. दरवाजावरच्या शिलालेखाचंही तेच झालं. निळ्या ऑइलपेंटच्या थरांखाली 'शके' एवढं लागतं, पुढचे आकडे बुजले आहेत. रंग जपून काढला तर इमारतीचं साल कळेल. पाडली तर ते कायमचं गेलं.

साहेब, आपल्या जिल्ह्याला या कामाची मोठी परंपरा आहे. दुष्काळात सरकारी कोठारं रयतेला खुली करणारे दामाजीपंत मंगळवेढ्याचे. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, बारवा, धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरात त्यांचा वाडा आजही उभा आहे. मात्र हेही सांगायला हवं की धर्मशाळेचं दार सगळ्यांना उघडं नव्हतं. 1923 साली समाजसुधारक सी. के. बोले यांना मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव आणावा लागला, त्यात पाणवठे आणि विहिरींबरोबर धर्मशाळांचाही उल्लेख होता. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली ती याच दुखण्यावर, आणि पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. ज्या ओवरीत कधीकाळी काहींना पाय ठेवता येत नव्हता, तिथे आज दिंडीतली सगळी माणसं शेजारी शेजारी पथारी टाकतात. हा इतिहास दाखवायला ती ओवरी शिल्लक राहिली पाहिजे.

आषाढीत प्रशासन तंबू टाकतं, टँकर आणतं, फिरती शौचालयं उभी करतं, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण त्यातल्या काही मुक्कामांवर म्हाताऱ्या वारकरी बाया शाळेच्या व्हरांड्यात भिजत बसतात आणि धर्मशाळेला कुलूप असतं, हे बघवत नाही.

जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आपण आहात. जिल्ह्यातल्या सगळ्या धर्मशाळांची मोजणी, नकाशे आणि फोटोंसह नोंद होईपर्यंत एकही पाडायला परवानगी देऊ नये. तलाठी, ग्रामसेवक आणि सोलापुरातले वास्तुकलेचे विद्यार्थी मिळून हे काम सहज उरकेल. दुरुस्तीला निधी देताना अंदाजपत्रकात चुन्याचंच काम धरावं, सिमेंटचं नको. चुन्यात हात बसलेले गवंडी आता फार थोडे उरलेत. त्यांच्या हाताखाली गावची पोरं तयार होतील.

मालकीचाही घोळ आहे. काही जागा ग्रामपंचायतीच्या, काही विश्वस्त संस्थांच्या. विश्वस्त कायद्याच्या कलम 36 नुसार धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय संस्थेची जागा विकता येत नाही, आणि बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त भाड्यानंही देता येत नाही. जिथे ओवऱ्यांत दुकानांचे गाळे काढले आहेत, तिथे आधी ही मंजुरी घेतली होती का, याची तपासणी आपण सांगितलीत तरच होईल.

आषाढीच्या पूर्वतयारीच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती. आमच्या धर्मशाळेची मोजणी ठरली तर कुलूप उघडून देणं, चौकातलं गवत काढणं आणि आलेल्या पोरांच्या जेवणाची सोय करणं एवढं आम्ही गावकरी करू.

आपला,
माळशिरस तालुक्यातील एक ग्रामस्थ