प्रत्येक नोझलवर ऑक्टेनचा आकडा हवा

संपादक महोदय,

चढावावर गाडी खणखणली की हल्ली सगळा दोष पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलच्या माथी मारला जातो. पणजीतले मोटारसायकल पायलटही (दुचाकी टॅक्सीचालक) आल्तिन्यो टेकडी चढताना येणाऱ्या आवाजाबद्दल हेच म्हणतात. मायलेज घटते ही त्यांची तक्रार रास्त आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नॉकिंगचे, म्हणजे या खणखणाटाचे, कारण मात्र वेगळे आहे.

स्पार्क पडला की ज्वाला सिलिंडरभर पसरत जाते. तिच्यापुढचे दाबले गेलेले, तापलेले मिश्रण ती पोहोचण्याआधीच आपोआप पेटले, की दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात. तोच हा आवाज. तो दुर्लक्षिला तर पिस्टन आणि हेड गॅस्केट जायला वेळ लागत नाही. असे आपोआप पेटणे पेट्रोल किती रोखते, ते ऑक्टेन आकडा सांगतो. इथेनॉलचा हा आकडा 100 च्या वर आहे, शिवाय त्याची वाफ होताना मिश्रण थंड होते. म्हणजे ते नॉकिंग रोखतेच.

खरी भीती भेसळीची आहे. रॉकेलचा ऑक्टेन फारच कमी, त्यामुळे थोडे मिसळले तरी इंजिन ओरडते. दुसरी भीती पाण्याची. आमच्या शेजारची एक स्कूटर पावसाळाभर अंगणात उभी होती. मेकॅनिकने टाकीतले इंधन बाटलीत काढले, तर वर पिवळसर पेट्रोल आणि खाली पाण्याचा स्वच्छ थर! झाकणातून शिरलेल्या पाण्याने इथेनॉल खाली ओढले होते. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन त्यामुळे घसरतो. जुन्या इंजिनात साचलेला कार्बन तापून निखाऱ्यासारखा लाल झाला, तर स्पार्कआधीच मिश्रण पेटते, तो प्रकार निराळा आणि अधिक घातक.

भेसळ ओळखायला पंपावर आपण पेट्रोलची घनता विचारू शकतो, फिल्टर पेपरवर थेंब टाकून पाहू शकतो. यातल्या कशातूनच ऑक्टेन कळत नाही. महाग पेट्रोलचा आकडा मोठ्या अक्षरांत झळकतो, साध्याचा कुठे दिसत नाही. मग ज्याच्या गाडीच्या पुस्तिकेत 91 ऑक्टेन पुरेसे असल्याचे लिहिले आहे, तोही घाबरून जास्त पैसे मोजतो. त्याने ताकद वाढत नाही.

तेल कंपन्यांनी प्रत्येक नोझलवर ऑक्टेन आणि इथेनॉलचे प्रमाण मराठी-कोंकणीत लिहावे, आणि नागरी पुरवठा खात्याने पंपांवरच्या नमुन्यांचे निकाल दर महिन्याला जाहीर करावेत.

एक वाचक,
फोंडा, गोवा