दोन-तीन महिन्यांची नोकरी बायोडेटात लिहावी का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोन-तीन महिन्यांत सोडलेली नोकरी बायोडेटात लिहावी की गाळावी, हा प्रश्न मला इतक्या मुलामुलींनी विचारला आहे की त्याचे उत्तर एकदा जाहीरपणे द्यावे, असे वाटले. भोसरी आणि चाकण येथील कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागात मी 26 वर्षे काम केले असून गेल्या वर्षी निवृत्त झालो.

बायोडेटा म्हणजे प्रतिज्ञापत्र नव्हे. या कामाला आपण कसे योग्य आहोत, हे सांगण्यासाठी उमेदवाराने निवडून मांडलेली ती माहिती असते. त्यामुळे दहा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने पूर्वी कधीतरी दोन महिने केलेली, आताच्या कामाशी संबंध नसलेली नोकरी त्यात लिहिली नाही, तर त्याने कोणाला फसवले असे मी म्हणणार नाही. रुजू होण्यापूर्वी भरून घेतला जाणारा फॉर्म मात्र वेगळा असतो. त्यात यापूर्वीच्या सर्व नोकऱ्यांचा तपशील मागितलेला असतो आणि माहिती खरी व पूर्ण असल्याच्या मजकुराखाली सही घेतलेली असते. बहुतेक मुले बायोडेटा समोर ठेवून तोच मजकूर फॉर्ममध्ये उतरवतात आणि नेमकी तिथेच फसतात.

काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातील एक डिप्लोमाधारक मुलगा आमच्याकडे क्वालिटी विभागासाठी आला होता. हातात मायक्रोमीटर (सूक्ष्म मापे घेण्याचे उपकरण) दिल्यावर माप घेण्याआधी ते शून्य बरोबर दाखवते का, हे त्याने तपासले, तेव्हाच विभागप्रमुखांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. ऑफर लेटर दिले गेले. पुढे कागदपत्रे तपासताना त्याच्या पीएफच्या (भविष्य निर्वाह निधीच्या) पासबुकात, त्याने कुठेच न लिहिलेल्या एका कंपनीच्या नावाखाली तीन महिन्यांच्या तीन नोंदी दिसल्या : दरमहा त्याचे 1,800 रुपये, कंपनीचे 550 आणि पेन्शन खात्याचे 1,250. विचारल्यावर तो म्हणाला, ''सर, क्लासमध्ये सांगितलं होतं, कमी दिवसांची नोकरी दाखवायची नाही.'' ती नोकरी त्याने सोडली होती, कारण कंपनीची बस बंद झाली आणि दुसरी पाळी संपल्यावर रात्री बाराला खोलीवर पोहोचायला काही साधन उरले नाही. हे कारण मुलाखतीत ऐकले असते, तर आमच्यापैकी कोणालाही ते खटकले नसते. माहिती दडवली या मुद्द्यावर व्यवस्थापनाने ऑफर मागे घेतली. त्या वेळी मी त्याची बाजू हवी तितक्या जोराने मांडली नाही, याची खंत मला आजही आहे.

असा सल्ला देणाऱ्या क्लासचालकांनी आणि महाविद्यालयांच्या प्लेसमेंट विभागांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. 2014 पासून पीएफ सदस्यांना बारा अंकी यूएएन, म्हणजे सार्वत्रिक खाते क्रमांक, मिळतो आणि नोकरी बदलली तरी तो तोच राहतो. पीएफ लागू असलेल्या ठिकाणी एका महिन्याचीही वर्गणी भरली गेली असेल, तर त्या मालकाचे नाव त्याखाली नोंदले जाते, आणि पडताळणी करणाऱ्या संस्था अनेकदा तेच पाहतात. ज्या मुलांना दोन-चार वर्षांचाही अनुभव नाही, त्यांनी तर बायोडेटातही ही नोकरी लिहावीच. कंपनीचे नाव, पद, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत आणि सोडण्याचे कारण अर्ध्या वाक्यात, एवढे पुरे. त्या कंपनीची उणीदुणी काढण्याची गरज नाही.

पीएफच्या सेवा-नोंदीत (सर्व्हिस हिस्टरी) नोकरी सोडल्याची तारीख पडली आहे का, हेही पाहावे. ती नसली की माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी कामाला होता, असा संशय येतो. जुन्या कंपनीने ती भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्याला स्वतःलाच पीएफच्या संकेतस्थळावर ती नोंदवता येते.

मात्र सगळा दोष मुलांच्या माथी मारणे मला मान्य नाही. औद्योगिक पट्ट्यात हजारो मुले ठेकेदारामार्फत लागतात आणि वर्षात 240 दिवस भरून सलग सेवेचा हक्क लागू नये म्हणून सहा-सात महिन्यांनी त्यांना 'ब्रेक' दिला जातो. पासबुकात नाव ठेकेदाराचे आणि मुलगा लिहितो ज्या कारखान्यात घाम गाळला त्याचे, त्यामुळे खरे लिहूनही तो खोटा ठरतो. अशा मुलांनी दोन्ही नावे लिहावीत. पण ज्या उद्योगाने या तुटक नोकऱ्या निर्माण केल्या, त्यानेच 'हा कुठे टिकत नाही' म्हणून बायोडेटा बाजूला टाकावा, हा मला उघड अन्याय वाटतो.

त्या मुलाच्या प्रकरणानंतर मी आमच्या फॉर्ममधील 'नोकरी सोडण्याचे कारण' हा रकाना रुंद करून घेतला आणि त्याखाली मराठीत एक ओळ छापून घेतली : 'सहा महिन्यांपेक्षा कमी काळाच्या नोकऱ्याही लिहाव्यात, केवळ त्या कारणाने अर्ज बाद केला जाणार नाही.' त्यानंतर मुले अशा नोकऱ्या आपणहून लिहू लागली, काही जण तर ठेकेदाराच्या पावत्याही जोडू लागले. इतर कंपन्यांनी निदान एवढी एक ओळ आपल्या फॉर्मवर छापावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त मनुष्यबळ अधिकारी,
चिंचवड, पुणे