ठिपक्यांसोबत माणसंही बघा

संपादक महोदय,

फ्रेंच चित्रकार जॉर्ज स्यूराच्या, पॅरिसजवळच्या सीन नदीतल्या ‘ग्रांद जात’ बेटावरच्या रविवारच्या चित्रावर तुमच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. रंगांचे बारीक ठिपके देऊन चित्र रंगवायचं त्याचं तंत्र मस्त समजावलंय, पण ‘सगळे वर्ग एकत्र सुट्टी एन्जॉय करतायत’ हे वाक्य काही पटलं नाही म्हणून लिहितेय.

एकत्र कुठे आहेत हो? डाव्या कोपऱ्यात बिनबाह्यांचा बनियन घातलेला माणूस पाइप ओढत ऐसपैस लवंडलाय, त्याला लागूनच टॉप हॅटवाला छडी घेऊन ताठ बसलाय, आणि दोघांपैकी कुणी दुसऱ्याकडे बघतसुद्धा नाहीये. उजवीकडे मागून फुगवलेल्या झग्यातली बाई, तिच्या हातात माकडाची दोरी. माझं लक्ष मात्र दर वेळी त्या दाईकडे जातं. छत्रीवाल्या म्हाताऱ्या बाईशेजारी ती बसलीये, आपल्याला दिसते फक्त पाठ आणि टोपीची लाल रिबन, चेहरा नाहीच. बाकी बाग सुट्टीवर आणि ही ड्युटीवर, हे एवढं स्पष्ट दाखवलेलं असताना लेखात तिचा उल्लेखही नसावा याचं खरंच वाईट वाटलं.

आणि सुट्टी तरी सगळ्यांना होती का? रविवारी काम बंद ठेवायचा जुना कायदा फ्रान्सने १८८० मध्ये रद्द केला, कारखाने-दुकानांतल्या कामगारांना आठवड्याची सुट्टी कायद्याने मिळाली ती १९०६ मध्ये, आणि हे चित्र १८८६ मध्ये लोकांसमोर आलं, म्हणजे रविवार मोकळा मिळणार की नाही हे तेव्हा बऱ्याच जणांच्या बाबतीत मालकच ठरवायचा.

स्यूराने त्याआधी, १८८४ मध्ये, नदीच्या समोरच्या काठाचंही चित्र केलंय, ‘आनिएरचे स्नानार्थी’. तेही जवळपास २ बाय ३ मीटरचं. तिथे कामकरी पोरं पाण्यात उतरलीयेत, मागे कारखान्यांची धुराडी, आणि एका छोट्या होडीतून टॉप हॅटवाला नि छत्रीवाली बाई नदी ओलांडतायत. एक पोरगा पाण्यात उभा राहून तोंडाशी हात धरून पलीकडे हाक मारल्यासारखा दिसतो. मला तरी वाटतं की ही दोन चित्रं सुटी सुटी बघूच नयेत.

ग्रांद जात शिकागोत आणि स्नानार्थी लंडनच्या नॅशनल गॅलरीत, त्यामुळे शेजारी शेजारी बघायची सोय फक्त छापील पानावरच. पुरवणीत एकदा दोन्ही मोठ्या आकारात, रंगीत छापाल का?

आपली एक नियमित वाचक