मनगट, साबुदाणा आणि गुलमर्ग

आई, बाबा,

परवा व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं ना, फोन डाव्या हातात का धरलायस, तेव्हा मी चार्जरचं काहीतरी सांगून टाळलं. उजव्या मनगटाला क्रेप बँडेज आहे. फ्रॅक्चर नाही, एक्स-रे काढलाय, नुसतं मुरगळलंय. आधी पूर्ण वाचा, मग ओरडा.

एप्रिलच्या सुरुवातीला मी ऑफिसच्या कामाला दिल्लीला गेलेच नव्हते, गुलमर्गला गेलेले, स्नोबोर्डिंग शिकायला, म्हणजे फळीवर उभं राहून बर्फावरून घसरायला. दोन दिवस फोन लागला नाही ते मात्र खरं, बाहेरचं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही आणि पोस्टपेड घ्यायचं माझ्या डोक्यातच नाही आलं.

बाबा म्हणतील एप्रिलमध्ये कसला बर्फ. बरोबरे, खाली गुलमर्गला, म्हणजे साधारण 2650 मीटरवर, गवत दिसायला लागलेलं आणि सगळा चिखल. पण गंडोल्याच्या, म्हणजे तिथल्या केबल कारच्या, पहिल्या टप्प्यावर कोंगडोरीला अजून भरपूर होता. दुसरा टप्पा अफरवटला, 3900 च्याही वर जातो, तिथे आम्हा नवशिक्यांचं काय काम.

आई, तुला तुझ्या भाषेत सांगते. रात्री बर्फ परत गोठतो, त्यामुळे सकाळी आपल्या जुन्या फ्रीजच्या फ्रीजरसारखा टणक, तू सुरीने खरवडायचीस ना तसा, बोर्डची कड धरतच नाही, नुसता खर्रखर्र आवाज. दहा-साडेदहाला ऊन तापलं की वरचा थर सुटून दाणेदार होतो, अगदी रात्रभर भिजलेला मोकळा साबुदाणा. ते दोन तास काय मजा येते गं, पडलं तरी लागत नाही! पण दुपार झाली की पाणी जास्त पडल्यासारखा गिच्च गोळा, बोर्ड जागच्या जागी अडकतो आणि आपण पुढे. असला ओला बर्फ मोठ्या उतारांवरून घसरून खालीही येतो, म्हणून आमचा शिकवणारा एकच्या आत आवरायला लावायचा.

तर मी पडले एकला दहा कमी असताना, तो बस म्हणत असताना, "एक शेवटची" म्हणून. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, पडताना मूठ मिटून कोपरापर्यंतचा हात टेकायचा हे त्याने पन्नासदा सांगितलेलं, आणि मी तळवा टेकला.

बाकी ठीक. हनुवटीखालून काळी झालेय, कारण ऊन बर्फावर आपटून खालून येतं, तिथे क्रीम लावायचं कोणाला सुचतंय. लोकलमध्ये डाव्या हाताने लटकते, जमतंय.

खोटं बोलले, सॉरी. पण आधी सांगितलं असतं तर बाबा "चाळिशीत ही थेरं" म्हणाले असते आणि मी गेलेच नसते.

शनिवारी मांडवीने चिपळूणला येतेय. बाबा, स्टेशनवर येऊ नका, बॅग हलकी आहे, रिक्षा करेन. आणि शेजारच्या काकूंनी विचारलं तर जिन्यावरून पडली म्हणा.

तुमची,
चिमी