वॉल्व्ह बंद करायचा सल्ला देऊ नका

महोदय,

सिंहगड रस्त्यावरच्या माझ्या छोट्या सदनिकेचा लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला देण्याचा करार) संपला, तरी त्यात राहणारे कुटुंब जागा सोडेना. तेव्हा सोसायटीतून भराभर सल्ले आले. ‘पाण्याचा वॉल्व्ह बंद करा, चार दिवसांत जातील.’ ‘गावाला गेले की कुलूप बदला.’ सांगणारी माणसे माझ्या भल्याचेच बघत होती.

मी नऊ वर्षांची असताना आम्ही शनिवार पेठेतल्या एका वाड्यात भाड्याने राहत होतो. भाडेवाढीच्या वादातून मालकांनी आमचा नळ तोडला. आई पहाटे उठून पलीकडच्या वाड्यातून कळशा आणायची, त्याही मालकीणबाई उठायच्या आत. ते डोळ्यांपुढे असताना मी वॉल्व्हला हात लावणे शक्य नव्हते. भाडेकरूचे पाणी, वीज तोडायला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ नेही मनाई आहे.

मी त्याच कायद्याच्या कलम २४ खाली, जागेचा ताबा मिळावा म्हणून, सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज केला. माझा करार नोंदणीकृत होता, आणि अशा अर्जात लेखी करारातला मजकूर निर्णायक पुरावा मानला जातो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत समोरच्याने शपथपत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागायची असते. मुदत संपल्यावर जागा अडवली, तर ताबा देईपर्यंत दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते. माझे भाडे चौदा हजार होते, म्हणजे महिना अठ्ठावीस हजार.

वेळ गेला तो समन्स बजावण्यात. दोनदा ‘घर बंद’ असा शेरा येऊन परत आले. दिवे तर रोज रात्री लागलेले दिसायचे! ही दिरंगाई सरकारने आधी दूर करावी, कारण माणूस वैतागून कुलूप बदलायला निघतो तो याच काळात. मला आदेश मिळायला अकरा महिने लागले. आदेशाची प्रत हाती पडल्यावर त्या गृहस्थांनी स्वतः किल्ली आणून दिली.

माझ्या शेजारणीने मात्र नोंदणीचे पैसे वाचवायला नोटरीकडून स्टॅम्पपेपरवर करार केला होता. आता तिचा भाडेकरू म्हणतो, भाडे कमी ठरले होते आणि मुदतही वेगळी होती. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी धरल्या जातात, शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तिला हे मी सांगितले तेव्हा ती रडली. नोटरीचा शिक्का म्हणजेच नोंदणी, असा तिचा प्रामाणिक समज होता.

जुन्या वाड्यांतल्या भाडेकरूंची गोष्ट वेगळी. तिथे कलम १६ मधली कारणे न्यायालयात सिद्ध करावी लागतात, आणि मालकाला जागेची खरी गरज असली तरी जास्त हाल कोणाचे होतील हे न्यायाधीश पाहतात. माझ्या आईसारखीला त्याचाच आधार आहे.

सोसायट्यांच्या सचिवांना माझी कळकळीची विनंती आहे. एखादा मालक वॉल्व्ह बंद करायला सांगू लागला, तर त्याला स्पष्ट नाही म्हणा आणि करार नोंदवला आहे का, ते विचारा.

– एक निवृत्त परिचारिका, पुणे